भिरुडाचा उन्हाळा

उगादीला, म्हणजे इकडच्या पाडव्याला, आठवडा उरला की जयनगरच्या बाजारात तोतापुरी कैऱ्यांचे ढीग लागतात. कडुनिंबाच्या फुलांच्या जुड्या, आंब्याचे टाळे, केळीची पानं, आणि मधूनच कैऱ्यांच्या देठातून गळणाऱ्या चिकाचा आंबट, जरासा झोंबणारा वास. त्या वासानं लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझी नजर मात्र त्या दिवसांत खाली जाते. कुणाच्या आवारात आंब्याचं झाड दिसलं की मी मोहोर बघत नाही, फळ बघत नाही. फाटकाशी थांबून बुंध्याजवळ भुसा पडलाय का ते बघते. अशी वाकून उभी राहिलेली साठीची बाई बघून आतली माणसं विचारतात, काही पडलं का तुमचं? मी नाही म्हणते आणि पुढे जाते.

परवा आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी पुण्याची मुलगी खाली आली होती. सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. मराठी बोलायला मिळतं म्हणून रविवारी येऊन बसते. भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बघत तिनं विचारलं, "काकू, हा आपलाच रोड? इतकी झाडं होती? मग गेली कुठे?"

"कीड लागली होती," मी म्हटलं.

"सगळ्यांना?"

"हो. सगळ्यांना."

ती हळहळली आणि चहा पिऊन वर गेली. मी तिला जे सांगितलं ते कागदोपत्री खरं आहे. ज्या कागदावर ते लिहिलंय तो कागद मीच टाइप केलेला आहे.

लग्न होऊन मी बंगळूरला आले ती रत्नागिरीकडच्या एका खेड्यातून. सासरचं घर मराठी, पण त्यांचं मराठी कळायला मला सहा महिने लागले. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज फौजेबरोबर इकडे उतरले आणि इथलेच झाले. चिकपेटेत पिढ्या गेल्या, मग जयनगरात प्लॉट मिळाला. थोडं म्हणायचं असलं की ही माणसं 'स्वल्प' म्हणत, ठीक आहे म्हणायचं असलं की 'सरी'. मराठी बोलत, पण लिहीत कानडी अक्षरांत. सासऱ्यांना सगळं घर अण्णा म्हणे, म्हणून मीही अण्णाच म्हणू लागले.

अण्णा एका ओतकामाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. ते साचे घडवण्याचं काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. लाकूड त्यांना हाताला कळायचं. कुणाच्या घरी गेले की बोलता बोलता टेबलावर बोटानं टिचकी मारत आणि परतताना हळूच मला सांगत, त्यांना सागवान म्हणून दिलंय, पण ते सागवान नाही. जे ऐकून घरच्यांना वाईट वाटलं असतं ते त्यांनी त्या घरात कधी सांगितलं नाही.

मी सांगते आहे तो उन्हाळा नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरचा. आदल्या दिवाळीत सासूबाई गेल्या होत्या. माझा नवरा सुरेश बँकेत, त्याची बदली तुमकूरला झालेली. तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मी इथल्या शिवाजीनगरला एका वकिलांच्या कचेरीत टायपिस्ट होते. दिवसभर घरात अण्णा एकटे. व्हरांड्यात खुर्ची टाकून समोरच्या आंब्याकडे बघत बसायचे. जेवण झाकून ठेवलेलं असायचं आणि मी संध्याकाळी परत यायची तेव्हा अर्धं तसंच असायचं.

आमच्या गल्लीला पाटीवर एक नंबर होता, पण तो कुणी वापरत नसे. रिक्षावाल्याला 'माविन तोपु', म्हणजे आमराई, एवढं सांगितलं की तो बरोबर आणून सोडी. प्लॉट पडण्याआधी तिथे खरंच आमराई होती. घरं बांधताना आतली झाडं गेली, रस्त्याच्या कडेची राहिली. दोन्ही अंगांना मिळून तेवीस. वर त्यांच्या फांद्या एकमेकींत शिरलेल्या. उन्हाळ्यात बाजारातून वळून गल्लीत पाऊल टाकलं की ओल्या फडक्यानं तोंड पुसल्यासारखं वाटायचं. तो गारवा मला आता नीट आठवत नाही. आठवतो म्हणते, पण अंगाला जाणवत नाही.

चैत्राचे दिवस होते. सकाळी मी फाटकाशी रांगोळी घातली, आत जाऊन दुधाची पिशवी घेऊन आले, तेवढ्यात रांगोळीवर पिवळट भुसा पडलेला. जाड रव्यासारखा. वर बघितलं तर खोडाच्या फुटीशी डिंकाचा एक काळा ओघळ आणि त्याच्या कडेला बोट जाईल एवढं भोक. मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या कोकणात याला भिरुड म्हणतात. करड्या रंगाचा, बोटाएवढा लांब भुंगा, त्याच्या मिशा अंगाहून मोठ्या. मादी सालीच्या खाचेत अंडी घालते, अळी आत शिरते आणि वर्ष-दीड वर्ष आतून झाड पोखरत राहते. वरून पानं हिरवी, मोहोरही येतो. कळतं तेव्हा फांदी हातात आलेली असते.

मी अण्णांना हाक मारली. त्यांनी भुसा चिमटीत घेतला, चोळला, नाकाशी नेला. म्हणाले, ओला आहे, म्हणजे जिवंत लाकूड खातंय. मग खोडाला कान लावून उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, यांना आता ऐकू येत नसणार. त्यांनी हात केला आणि मला जवळ बोलावलं.

"ऐक," ते म्हणाले.

मी कान लावला. आधी नुसती स्वतःच्याच रक्ताची धडधड. मग हळूहळू कर्र, कर्र, थांबून पुन्हा कर्र. लांब कुठेतरी कुणीतरी सावकाश सुका पापड खात असल्यासारखं. सकाळच्या उन्हात, एवढ्या मोठ्या झाडाच्या पोटात. माझ्या अंगावर काटा आला. अण्णांच्या तोंडाकडे बघितलं तर कित्येक महिन्यांनी ते कशात तरी पुरते गुंतले होते.

त्याच दिवशी त्यांनी सायकलच्या चाकाची एक तार सरळ केली, टोकाला बारीक आकडा वळवला. माझे मामा गावी काय करतात ते मी सांगत गेले आणि ते करत गेले. पटाशीनं सैल साल काढायची, भोक मोकळं करायचं, तार आत सरकवत न्यायची. आकड्याला काही मऊ लागलं की फिरवून ओढायची. पहिली अळी बाहेर आली ती माझ्या मधल्या बोटाएवढी, दुधी, गुबगुबीत, डोकं काळंभोर. पायरीवर पडून ती वळवळत राहिली. मग रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस भोकात कोंबायचा आणि वरून चिखलानं लिंपायचं. अण्णा तिला 'हुळ' म्हणत, मी भिरुड म्हणे. महिनाभरानं तेही भिरुड म्हणू लागले आणि तो शब्द त्यांच्या तोंडी इतका परका वाटायचा की मला हसू यायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारचं झाड बघितलं. मग समोरचं. आठवड्याभरात तेवीसही झाडं बघून झाली. सतरा झाडांना भोकं होती, सहा निखळ. प्रत्येक बुंध्यावर त्यांनी पांढऱ्या रंगानं आकडा घातला आणि एक वही केली.

हे आलं कुठून, तेही त्यांनी शोधून काढलं. गल्लीच्या कोपऱ्यावर राजशेखर यांचा मोकळा प्लॉट होता. राजशेखर आमच्या गल्लीतल्या रहिवासी संघाचे सेक्रेटरी. पन्नाशीचे, नेहमी इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं गोड. त्यांनी तो प्लॉट फळांच्या पेट्या बनवणाऱ्या एकाला वापरायला दिला होता. बाहेरगावी कुठेतरी तोडलेल्या आमराईचे ओंडके तिथे दीड वर्ष रचून पडले होते. ओंडक्यांना शेकडो भोकं. भुंगे तिथून निघून आमच्या झाडांवर आले होते. अण्णा त्यांच्याकडे गेले आणि कानडीत, नम्रपणे, ओंडके हलवायला सांगितलं. राजशेखर म्हणाले, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच म्हणाले. ओंडके ज्येष्ठापर्यंत तिथेच होते.

त्या दोन महिन्यांविषयी मला काही वाईट सांगता येत नाही, आणि तेच सांगताना जड जातं. कचेरीतून मी घाईनं यायची, कारण फाटकाशी अण्णा तार आणि कापसाची पुडी घेऊन उभे असायचे. उजेड असेतो आम्ही झाडं करायचो. मी कापूस भिजवून द्यायची, ते कोंबायचे, मी चिखल लावायची. रेशनचं रॉकेल संपलं तेव्हा त्यांनी रांगेत दोन तास उभं राहून आणलं. कुणी आम्हाला पायरीवर बसवून कॉफी दिली, कुणी फाटक उघडलं नाही, कुणी म्हणालं की झाडाला टोचून टोचून तुम्हीच मारताय. अण्णा सगळ्यांना सरी म्हणत. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच फाटकाशी जात. माझ्या बोटांना रॉकेलचा वास इतका बसला होता की कचेरीत टाइप करताना तो कागदांना लागायचा. अण्णांच्या ताटात आता काही उरत नव्हतं. एका संध्याकाळी अकरा नंबरच्या झाडाखाली चिखल मळताना ते अचानक सासूबाईंविषयी बोलले, की तिला आंब्यापेक्षा कैरीच आवडायची, आणि मी ती कधी पाडून दिली नाही, फळ वाया जातं म्हणायचो. एवढंच बोलून ते पुन्हा तार सरळ करू लागले. मला वाटतं, गेलेल्या माणसाविषयी ते त्यानंतर कुणाशीच बोलले नाहीत.

वहीत ते रोज नोंद करत. झाडाचा आकडा, भोकं किती, किती अळ्या काढल्या, लिंपल्यावर किती दिवसांनी पुन्हा भुसा आला. आणि शेवटी एक रकाना. तीन आठवडे भुसा आला नाही की त्या रकान्यात ते लिहीत, बरं झालं. वैशाख संपता संपता सतरापैकी पंधरा झाडांपुढे 'बरं झालं' आलं होतं. दोन झाडं आतून फार गेली होती, त्यांची आशा त्यांनीही सोडली होती.

वैशाखाच्या शेवटी एका दुपारी वळीव आला. बंगळूरचा वळीव म्हणजे आधी अर्धा तास नुसता वारा. त्या दोन खंगलेल्या झाडांपैकी एकाची फांदी मोडून खाली उभ्या असलेल्या स्कूटरवर पडली. माणूस कुणी नव्हतं. पण फांदीचं पोकळ पोट उघडं पडलं आणि सगळ्या गल्लीनं ते बघितलं. त्या रविवारी राजशेखरांच्या घरी बैठक झाली. अण्णा वही घेऊन गेले. येताना खुशीत होते. म्हणाले, राजशेखर महापालिकेत अर्ज देणार आहेत, तिकडून औषध आणि फवारायला माणसं येतील. त्यांना झाडांची यादी इंग्रजीत हवी आहे. तू टाइप करून दे.

घरात माझा एक जुना टाइपरायटर होता. मी जेवणाच्या टेबलावर कागद चढवला. अण्णांची वही कानडी अक्षरांत. मला ती वाचता येत नव्हती. म्हणून ते वाचत आणि मी टाइप करत असे. एक नंबर, भोकं दोन, अळ्या दोन, बरं झालं. दोन नंबर, भोक एक, अळी एक, बरं झालं. चार नंबर, काही नाही, निखळ.

इथे मला थांबून नीट सांगितलं पाहिजे. वकिलांच्या कचेरीत सहा वर्षं काढल्यावर मला अर्जांची रीत ठाऊक झाली होती. पाय मुरगळला तर अपंगत्व लिहायचं, भिंतीला ओल आली तर घर पडायला झालंय लिहायचं. तसं लिहिलं नाही तर वरचा माणूस कागद बाजूला सारतो. पंधरा झाडं बरी झालीत आणि सहांना काहीच नाही, असं लिहिलं तर दोन झाडांसाठी औषध कोण पाठवणार? मी एवढाच विचार केला. फार तर मिनिटभर. अण्णा वाचत होते, बरं झालं, बरं झालं, आणि मी शेवटचा रकाना आखलाच नाही. तेवीस आकड्यांपुढे एकच इंग्रजी शब्द तेवीस वेळा टाइप केला. अर्थ होता, कीड लागलेलं. निखळ सहा झाडांपुढेही.

अण्णांनी कागद हातात घेतला. इंग्रजी ते अडखळत वाचत. त्यांनी वाचला नाहीच; रकाने सरळ आलेत का ते डोळ्यांसमोर आडवा धरून बघितलं, जसा साचा बघत असतील तसा.

"सरळ आलंय," म्हणाले. मग खाली, झाडं तपासणाऱ्याचं नाव होतं तिथे, सावकाश सही केली.

मी त्यांना त्या वेळी सांगू शकले असते. सांगितलं असतं तर त्यांनी तो कागद फाडायला लावला असता, हे मला माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

आषाढात एक जीप आली. अधिकारी दहा मिनिटं गल्लीत होता. झाडांकडे त्यानं एकदा वर बघितलं असेल. बाकी सगळा वेळ तो हातातल्या कागदाकडे बघत होता. अण्णा त्याला एखादं तरी लिंपलेलं भोक दाखवायला पुढे झाले, तर राजशेखर गोड बोलून त्याला कॉफीला घेऊन गेले. आम्ही औषधाची वाट बघत राहिलो. श्रावणातल्या एका सकाळी दोन ट्रक आले, दोरखंड आले, करवती आल्या. बुंध्यावरच्या अण्णांच्या पांढऱ्या आकड्यांवर कुणीतरी लाल रंगाची फुली मारत गेलं. आकडे असल्यामुळे त्यांना मोजायचे कष्ट पडले नाहीत.

अण्णा आधी धावत गेले. मुकादमानं हुकूम दाखवला. तेवीसही झाडं कीड लागून पोकळ, जिवाला धोका, तोडावीत. अण्णा त्याला सांगत राहिले की हे झाड चांगलं आहे, हे बघा, हेही. तो बिचारा म्हणाला, मालक, मला कागदावर आहे तेवढं तोडायचं आहे.

तीन दिवस लागले. मी कचेरीत रजा टाकली नाही. खोटं कशाला बोलू, घरी थांबायची मला हिंमत नव्हती. सकाळी जाताना डोक्यावर फांद्या असायच्या आणि संध्याकाळी येताना आभाळ. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा गल्ली एखाद्या नव्यानं टक्कल केलेल्या माणसासारखी उघडी होती आणि सगळ्यांच्या घरांचे उडालेले रंग, वाळत घातलेले कपडे, गच्चीवरच्या टाक्या एकदम दिसत होत्या. अण्णा एकेका थोटकापाशी वाकत चालले होते. तळहात कापावर ठेवत, बोटं फिरवत, पुढे जात. मी मागे मागे गेले. कापलेलं लाकूड ओलं, फिकट पिवळं, कडेपासून मधोमधपर्यंत घट्ट. नऊ नंबरच्या कापात अळीची वाट दिसत होती, तिच्या तोंडाशी आमचा चिखल, मागे वाळलेला कापूस, आणि चिखलाच्या कडेनं झाडानं नवी साल धरायला सुरुवात केलेली. तेवीसांत पोकळ होती ती दोनच.

घरी येऊन त्यांनी हात धुतले नाहीत. मुकादमाकडून हुकुमाची प्रत आणली होती, तिला आमच्या यादीची त्यांनी टाइप केलेली नक्कल जोडलेली होती. ती त्यांनी टेबलावर पसरली आणि चष्मा लावून एकेक अक्षर लावत वाचली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"नंदा," ते म्हणाले, "यात 'बरं झालं' कुठं आहे?"

मी त्या क्षणी काय काय म्हणू शकले असते त्याचा हिशेब मी नंतर वर्षानुवर्षं केला. प्रत्यक्षात मी म्हणाले ते हे.

"मी लिहिलं होतं, अण्णा. त्यांनी काढलं असेल."

ते उठले. चपला घालून, तो कागद घेऊन, सरळ राजशेखरांच्या घराकडे निघाले. मी फाटकापर्यंत गेले, पुढे गेले नाही. झाडं नव्हती, त्यामुळे कोपऱ्यापर्यंतचं सगळं स्वच्छ दिसत होतं. राजशेखर व्हरांड्यात आले. अण्णांचा आवाज मी त्या दिवसापर्यंत कधी चढलेला ऐकला नव्हता. तुम्ही कागद बदललात, अण्णा कानडीत म्हणत होते; पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. माणसं फाटकांशी आली. राजशेखर आत गेले आणि फाईल घेऊन आले. मूळ कागद काढून त्यांनी अण्णांच्या हातात दिला. माझ्या टाइपरायटरचं एक अक्षर नेहमी जरा वर उठायचं. ते अण्णांना ओळखता आलं असेल. खाली सही त्यांची होती.

अण्णांनी कागद नीट घडी घालून परत दिला. मग त्यांनी राजशेखरांना हात जोडले.

राजशेखर वाईट माणूस होता, असं म्हणायला मला फार आवडेल. पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यावर त्यांचं तीन मजली दुकानांचं संकुल उभं राहिलं, झाडं गेल्यानं रस्ता रुंद झाला तो त्यांनाच उपयोगी पडला. पण त्यांनी अर्ज नेला तेव्हा त्यांच्या मनात करवत होती की औषध, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित औषधच असेल. कदाचित माझी तेवीस ओळींची यादी वाचल्यावरच त्यांना सुचलं असेल. त्यांना मी काही विचारलं नाही. विचारायला जायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं.

अण्णा घरी आले, हात धुतले, जेवले. मला काही म्हणाले नाहीत. सुरेशला सांगितलं नाही. रागावले असते तर मी रडले असते, पाया पडले असते, आणि काहीतरी संपलं असतं. त्यांनी ते होऊ दिलं नाही. बोलणं पहिल्यासारखंच राहिलं, चहा झाला का, आज बस मिळाली का. फक्त पेन्शनचं किंवा वीजकंपनीचं इंग्रजी पत्र आलं की ते घडी करून खिशात ठेवत आणि पोस्टात जाऊन तिथल्या कारकुनाकडून वाचून घेत. घरात मी, टायपिस्ट सून, बसलेली असताना. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी म्हटलं, अण्णा, मी वाचते ना. ते म्हणाले, असू दे, तेवढाच पाय मोकळा होतो.

चार वर्षं अशी गेली. दशक संपत आलं होतं, सुरेश बदली होऊन परत बंगळूरला आला होता. अण्णांच्या छातीत पाणी झालं आणि ते अंथरुणाला खिळले. मी नोकरी सोडली. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं सगळं मीच करत होते, आणि करताना मनात कुठेतरी धरून होते की यानं ते फिटतंय. एका दुपारी त्यांना जरा बरं वाटत होतं. उशीला टेकून बसले होते. खिडकीतून ऊन सरळ त्यांच्या पायांवर येत होतं. तिथे अडवायला काही नव्हतं. मी पडदा ओढायला उठले आणि पडदा हातात धरूनच बोलून गेले.

"अण्णा, तो रकाना मीच गाळला होता. त्यांनी काही काढलं नव्हतं."

"माहीत आहे," ते म्हणाले.

मी सांगत सुटले. औषध मिळावं म्हणून केलं, वजन यावं म्हणून केलं, कचेरीत तसंच लिहितात म्हणून. त्यांनी मध्ये अडवलं नाही. माझं सगळं बोलून झाल्यावर स्वल्प दम घेतला.

"झाडांचं मी सोसलं असतं," ते म्हणाले. "तू चुकून केलंस. पण मी सगळ्यांसमोर राजशेखरांना सांगितलं, आमच्या घरची पोर खोटं लिहायची नाही. आणि तुला माहीत होतं मी काय करायला चाललोय. तू फाटकाशी उभी होतीस. हाक मारली असतीस तर मी फिरलो असतो."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील, आणि मी पडदा धरून थांबले. मग त्यांनी विचारलं, सुरेश किती वाजता येतो. मी म्हटलं, सात वाजता.

"सरी," ते म्हणाले. "तो आला की मग तोच भरवील मला."